आहाराचा पर्यावरणीय भार : मांस, दूध आणि डाळ

माणसाच्या आहाराचा हवामानावर, जमिनीवर आणि पाण्यावर पडणारा भार मोजता येतो आणि तो पदार्थागणिक कमालीचा वेगवेगळा असतो, ही गोष्ट आता वादाच्या पलीकडे गेलेली आहे. वनस्पतिजन्य आहार मांसाहारापेक्षा पर्यावरणाला हलका, हा या मोजदादीतून निघालेला निष्कर्ष सर्वसाधारणपणे खरा आहे. परंतु तोच निष्कर्ष जसाच्या तसा महाराष्ट्राला लावून शाकाहारी मनुष्याला पर्यावरणाचा रक्षक आणि मांसाहारी मनुष्याला त्याचा शत्रू ठरवले जाते, तेव्हा तो चुकीचा तर होतोच, शिवाय अन्यायकारकही होतो. जागतिक पुरावा नेमके काय सांगतो आणि महाराष्ट्राच्या ताटाला तो कितपत लागू पडतो, याचा विचार प्रस्तुत व्याख्यानात केलेला आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात मानवी व्यवहारांतून बाहेर पडणाऱ्या हरितगृह वायूंपैकी १८ टक्के वाटा पशुपालनाचा असल्याचे म्हटले होते. त्याच संघटनेने २०१३ साली हा वाटा १४.५ टक्के आणि २०२३ साली सुमारे १२ टक्के असल्याचे नोंदवले. मोजण्याच्या पद्धती सुधारल्या आणि एकूण उत्सर्जनाची बेरीजही बदलली, म्हणून हे आकडे बदलले; त्यातील सर्वांत लहान आकडा धरला तरी पशुपालनाचा भार दुर्लक्ष करण्याजोगा उरत नाही. याहून बारकाईचे काम जोसेफ पुअर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून त्यांनी ४० खाद्यपदार्थांचा, शेतापासून दुकानापर्यंतचा, भार काढला. तो ‘कार्बन डायऑक्साइड सममूल्य’ या मापात सांगितला जातो, म्हणजे निरनिराळ्या वायूंची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती वेगवेगळी असल्यामुळे त्या सर्वांचे कार्बन डायऑक्साइडच्या वजनात रूपांतर करून बेरीज केली जाते. या हिशेबाने १०० ग्रॅम प्रथिने मिळवण्यासाठी, केवळ मांसाकरिता पाळलेल्या गोवंशाच्या मांसामागे जगाच्या सरासरीने ५० किलो, मेंढी-बोकडाच्या मांसामागे सुमारे २० किलो, चीजमागे ११ किलो, कोंबडीमागे सुमारे ६ किलो, अंड्यांमागे सुमारे ४ किलो, तर वाटाणे व इतर कडधान्यांमागे १ किलोपेक्षाही कमी सममूल्य वायू हवेत जातो.

या उतरंडीत मांस एका बाजूला आणि वनस्पती दुसऱ्या बाजूला अशी सरळ विभागणी नाही, हे पहिल्याच नजरेत लक्षात यावे. चीज हा शाकाहारी पदार्थ कोंबडीच्या वर बसलेला आहे. खरी फट पडते ती रवंथ करणारे प्राणी आणि बाकीचे सर्व अन्न यांच्यामध्ये, आणि तिचे कारण जनावराच्या पोटात आहे. गाय, म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांपैकी सर्वांत मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोठीपोटात, गिळलेली वैरण साठते आणि तेथील असंख्य सूक्ष्मजीव ती प्राणवायूविना आंबवतात. माणसाला मुळीच न पचणारे गवत आणि कडबा जनावराला पचतो तो या आंबवण्यामुळेच. या क्रियेत हायड्रोजन सुटतो, तो वापरून काही सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि हा मिथेन बहुतांशी ढेकरेवाटे बाहेर पडतो. मिथेन हवेत सरासरी १२ वर्षेच टिकतो, पण तेवढ्या काळात तो फार मोठी उष्णता धरून ठेवतो : १०० वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट आणि २० वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट प्रभावी आहे. तो लवकर विरतो, म्हणूनच त्याचे उत्सर्जन आज कमी केले तर त्याचा लाभ याच पिढीला दिसू शकतो; कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत असे होत नाही.

जमिनीचा हिशेब यापेक्षाही बोलका आहे. खाल्लेल्या अन्नातील बहुतेक ऊर्जा जनावर स्वतःचे शरीर चालवण्यात खर्च करते आणि थोडीच ऊर्जा मांस वा दूध होऊन माणसापर्यंत पोहोचते, त्यामुळे तेवढेच अन्न जनावरामार्फत मिळवायचे तर कितीतरी अधिक जमीन लागते. पुअर आणि नेमेचेक यांच्या मोजणीप्रमाणे जगातील शेतजमिनीपैकी, कुरणे धरून, ८३ टक्के जमीन प्राणिज अन्नासाठी वापरात आहे आणि तिच्यातून माणसाला मिळणाऱ्या उष्मांकांपैकी १८ टक्के व प्रथिनांपैकी ३७ टक्केच मिळतात. ब्राझीलमधील ॲमेझॉनचे जंगल ज्या जमिनीवरून तोडले गेले, तिचा फार मोठा भाग आज गुरांचे कुरण झालेला आहे. जंगल तुटले म्हणजे झाडांत आणि मातीत साठलेला कार्बन सुटतो आणि त्या जंगलातील जीवजातींचा आसराही नाहीसा होतो. त्यामुळे एका पदार्थामागचा भार हवामान, जमीन आणि जैवविविधता या तिन्ही खात्यांवर एकदमच पडतो. अन्न दूरवरून आणल्याने भार वाढतो, ही समजूत लोकप्रिय असली तरी बहुतेक पदार्थांच्या बाबतीत वाहतुकीचा वाटा दहा टक्क्यांहून कमी असतो. अन्न कुठून आले यापेक्षा ते काय आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

आहार बदलल्याने प्रत्यक्ष किती फरक पडतो, याचे एक चांगले उत्तर ब्रिटनमधून मिळते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ५५,००० हून अधिक लोकांच्या आहाराची माहिती घेऊन २०२३ साली दाखवून दिले, की रोज १०० ग्रॅमहून अधिक मांस खाणाऱ्या माणसाच्या आहारामागे दिवसाला सुमारे १०.२ किलो सममूल्य वायू सुटतो, तर कोणताही प्राणिज पदार्थ न खाणाऱ्याच्या आहारामागे सुमारे २.५ किलो. दूध व अंडी घेणारे शाकाहारी या दोहोंच्या मध्ये, सुमारे ४ किलोंवर आहेत. शाकाहारी आणि पूर्णतः वनस्पतिजन्य आहार यांतील हे अंतर मुख्यतः दुधाचे आहे, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने या अभ्यासातली ध्यानात ठेवण्याची गोष्ट हीच आहे.

कारण महाराष्ट्रातला मांसाहारी मनुष्य हा ब्रिटनमधला मांसाहारी मनुष्य नव्हे. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ च्या सर्वेक्षणानुसार राज्यातील सुमारे ४० टक्के लोक शाकाहारी आहेत, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी मटण रविवारी किंवा सणावारी, कोंबडी अधूनमधून, कोकणात मासळी आणि बाकीच्या दिवशी भाकरी, भात, आमटी आणि कालवण असाच क्रम असतो. श्रावण, चातुर्मास आणि आठवड्यातील ठरावीक वार पाळणाऱ्यांची संख्याही त्यांच्यात मोठी आहे. रोज १०० ग्रॅम मांस ही सरासरी येथे अपवादानेच आढळते. त्याउलट दूध, दही, ताक, तूप, चहा, पेढे आणि अलीकडे शहरी हॉटेलांतील पनीर यांना मात्र आहारात वर्षभर स्थान आहे. भारत १९९८ पासून जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश आहे. २०२३-२४ मध्ये देशात २३९ दशलक्ष टन दूध निघाले. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात १९ कोटींहून अधिक गाई-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी-रेडे आहेत. भारताने २०१६ या वर्षासाठी संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या हिशेबात एकूण उत्सर्जनापैकी सुमारे १४ टक्के शेतीचे दाखवलेले आहे आणि त्या शेतीतील निम्म्याहून अधिक उत्सर्जन जनावरांच्या कोठीपोटातून आलेले आहे. हा मिथेन प्रामुख्याने दुधाच्या आणि ओढकामाच्या जनावरांचा आहे.

या मुद्द्याला मराठी विद्वत्तेत एक जुना आधार आहे. मार्विन हॅरिस या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९६६ साली असे मांडले, की भारतातील गाय न मारण्याची रूढी वरकरणी धार्मिक असली तरी शेण, ओढशक्ती आणि दूध यांच्या दृष्टीने ती व्यवहाराचीच आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९६९ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधून या मताचा प्रतिवाद केला. जनावरांची संख्या वैरणीच्या मानाने अधिक झाली, की भाकड आणि अर्धपोटी जनावरे दुभत्या जनावरांच्या तोंडचा चारा खातात आणि अवघा कळपच हलक्या प्रतीचा होतो, हे त्यांच्या युक्तिवादाचे मर्म होते. दांडेकरांसमोर प्रश्न अर्थशास्त्राचा होता, मिथेनचा नव्हता, तरी त्यांचे तर्कशास्त्र आज हवामानाच्या हिशेबाला तंतोतंत लागू पडते. जनावर दोन लिटर दूध देवो वा वीस लिटर, स्वतःचे शरीर राखण्यासाठी त्याला काही एक वैरण लागतेच आणि त्या वैरणीचा मिथेनही सुटतोच. दूध जितके कमी, तितका प्रत्येक लिटरमागचा भार अधिक, आणि भाकड जनावराच्या बाबतीत तर भार उरतो पण दूध उरत नाही.

दुधाचा आणि मांसाचा व्यवसाय वेगळा काढता येत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. गाय किंवा म्हैस दूध देते ती व्याल्यानंतरच, आणि वेतागणिक साधारण निम्मी वासरे नर असतात. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाचे काम आटले आहे आणि संकरित होल्स्टीन गाईचा गोऱ्हा तर उन्हातल्या ओढकामाला फारसा उपयोगाचाच नसतो. राज्यात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने होती, ती २०१५ पासून बैल व वळू यांनाही लागू झाली; म्हशी-रेड्यांच्या बाबतीत मात्र कत्तलीला परवानगी आहे आणि भारत जगातील म्हशीच्या मांसाच्या प्रमुख निर्यातदारांपैकी एक आहे, तो आपल्या दूधधंद्याच्या जोरावरच. सकाळी दुधाची पिशवी घेणारे शाकाहारी कुटुंब या साखळीच्या बाहेर नाही. एक किलो पनीरसाठी पाच-सहा लिटर गाईचे दूध लागते आणि जगाच्या सरासरीने एका लिटर दुधामागे सुमारे ३ किलो सममूल्य वायू सुटतो, हे लक्षात घेतले म्हणजे लग्नाच्या जेवणात मटणाऐवजी पनीर ठेवल्याने भार कमी होतो खरा, पण तोच पदार्थ कोंबडीऐवजी ठेवला तर होत नाही, हे उमगते. दूध पिऊ नये असा याचा अर्थ नाही. वाढत्या मुलांना आणि भूमिहीन बाईच्या एका म्हशीवर चालणाऱ्या घराला दूध हा मोठा आधार आहे. मात्र दुधाला पर्यावरणाच्या हिशेबातून सूट देऊन बकऱ्याला तेवढे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याला शास्त्राचा आधार नाही.

कोंबडीचा प्रश्न निराळा आहे. कोंबडीला कोठीपोट नाही, त्यामुळे मिथेनही जवळपास नाही, आणि सव्वा महिन्यात सुमारे दोन किलोंचा होणारा ब्रॉयलर पक्षी खाद्याचे मांस करण्यात सर्व पाळीव प्राण्यांत तरबेज आहे. त्याचा भार आहे तो खाद्यात : मका आणि सोयाबीनची पेंड. लातूरच्या बाजारात उतरणाऱ्या सोयाबीनमधून तेल काढल्यावर उरणारी प्रथिनयुक्त पेंड मुख्यतः कुक्कुटखाद्यात जाते, म्हणजे मराठवाडा-विदर्भातील काळ्या जमिनीवर पिकणारे प्रथिन माणसाच्या ताटात थेट न येता कोंबडीमार्फत, आणि वाटेत बरेचसे खर्च होऊन, येते.

वनस्पतिजन्य अन्न असले म्हणजे ते निर्दोष, असेही नाही, आणि महाराष्ट्राला हे अन्य कोणत्याही प्रांतापेक्षा चांगले ठाऊक असायला हवे. पाणी भरून ठेवलेल्या भातखाचरातल्या चिखलात कोठीपोटाप्रमाणेच प्राणवायूविना आंबवण घडते आणि मिथेन सुटतो; देशाच्या शेतीतील उत्सर्जनात भाताचा वाटा सुमारे सहाव्या हिश्श्याइतका आहे. पाण्याच्या बाबतीत ऊस तर सर्वांना मागे टाकतो. केंद्रीय कृषी मूल्य आयोगाने राज्याबद्दल नोंदवले होते, की लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहूनही कमी जमिनीवर असलेला ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेतो. पाण्याच्या हिशेबात पावसाचे, जमिनीत मुरून पिकाने घेतलेले पाणी आणि धरण वा विहिरीतून उपसून दिलेले पाणी यांत फरक करावा लागतो, कारण पहिले पिकाने घेतले नाही तरी ते शेजारच्या गावाच्या नळाला जात नाही, दुसरे मात्र कुणाच्या तरी वाट्यातून येते. माळावर चरणाऱ्या शेळीच्या मांसामागे हजारो लिटर पाणी दाखवणारे आकडे बहुतांशी पावसाच्या पाण्याचे असतात. सोलापूर जिल्ह्यातील उसामागचे पाणी मात्र उजनी धरणाचे असते. २०१२-१३ च्या आणि पुन्हा २०१८-१९ च्या दुष्काळात सरकारी चारा छावण्यांत गुरांना तोच ऊस वैरण म्हणून घातला गेला. कडबा देणारी ज्वारी मागे पडली, तिच्या जागी ऊस आला आणि मग चाऱ्यालाही ऊसच उरला, अशी ती अवस्था होती.

शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत एक आक्षेप वारंवार घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे : जी जमीन नांगराखाली येऊच शकत नाही, तेथील गवत मांसात रूपांतरित होत असेल तर त्यात तोटा कोणता? दख्खनच्या पठारावरील पर्जन्यछायेच्या मुलखात धनगरांचे वाडे शतकानुशतके हेच करीत आले. पावसाळ्यात माळरान आणि पिके निघाल्यावर शेते, असा त्यांचा फिरता क्रम असतो. शेतकरी आपल्या रानात रात्री मेंढ्या बसवून घेतो आणि त्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. मेंढी रवंथ करते, मिथेनही सोडते, हे खरेच. परंतु तिच्यासाठी जंगल तुटलेले नाही, धान्य पेरलेले नाही आणि तिच्या लेंडीने युरियाची काही पोती वाचवलेली असतात. या माळरानांवर झाडे लावून त्यांना ‘हिरवे’ करण्याचे जे कार्यक्रम निघतात, त्यांत चराईही जाते आणि माळढोक, लांडगा यांसारख्या गवताळ प्रदेशातल्या प्राण्यांचे घरही जाते. अशा मांसाचे प्रमाण थोडेच राहणार, हे मान्य केले पाहिजे. माळरान काही शहरांची रोजची मागणी पुरवू शकत नाही. मात्र जागतिक सरासरीचा २० किलोंचा आकडा धनगराच्या कळपावर चिकटवणे हा हिशेबाचा दुरुपयोग आहे.

या सर्व पदार्थांच्या तुलनेत ज्याची बाजू कोणत्याही अंगाने कमकुवत पडत नाही, ते म्हणजे कडधान्य. त्याचे कारण पाहायचे तर फुलोऱ्याच्या सुमारास हरभऱ्याचे एक झाड मातीसकट अलगद उपटून मुळे पाण्यात खंगाळावीत. मुळांना बाजरीच्या दाण्याएवढ्या, काही थोड्या मोठ्या गाठी लटकलेल्या दिसतात. एखादी गाठ नखाने फोडली आणि ती आतून तांबूस-गुलाबी निघाली, तर ती कामावर आहे असे समजावे. हिरवट किंवा करडी निघाली तर तिचे काम संपलेले आहे. या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर पुरवते आणि ते हवेतील नत्र झाडाला घेता येईल अशा रूपात आणून देतात. गुलाबी रंग येतो तो रक्तातील हिमोग्लोबिनच्याच जातीच्या एका द्रव्यामुळे, आणि त्याचे काम जिवाणूंना लागेल तेवढाच प्राणवायू पोहोचवण्याचे असते. कारखान्यात हेच नत्र बांधायला प्रचंड दाब, उष्णता आणि नैसर्गिक वायू खर्ची पडतो, आणि शेतात टाकलेल्या युरियाचा काही भाग पुढे नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, ज्याची उष्णता धरण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट आहे. हरभरा हे सारे टाळतो आणि पुढच्या पिकासाठीही नत्र मागे ठेवतो. हरभऱ्याचा बेवड चांगला, हे शेतकऱ्याचे म्हणणे या गाठींवरच उभे आहे. ज्वारी किंवा बाजरीत तुरीच्या ओळी टाकण्याची जुनी रीतही याच शहाणपणातून आली : ज्वारीने माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा द्यावा, तुरीने वरण द्यावे आणि दोघांनी मिळून पावसाच्या पाण्यावरच भागवावे.

पोषणाचा विचार मात्र सोडता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. ब-१२ हे जीवनसत्त्व पुरेशा प्रमाणात प्राणिज पदार्थांतूनच किंवा बाहेरून पूरक म्हणून घ्यावे लागते. अशा समाजात पर्यावरणाचे नाव पुढे करून गरिबाच्या मुलाच्या हातातले अंडे काढणे अक्षम्य आहे. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यामागे जागतिक सरासरीने पाव किलोच्या आसपास सममूल्य वायू सुटतो. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे किंवा त्याऐवजी केळे देण्याचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबवला. त्या निर्णयामागे जी काही कारणे असतील ती असोत, हवामानाचे कारण त्याला देता येणार नाही. आहार बदलण्याची जबाबदारी ज्याच्या ताटात पदार्थांची निवड करण्याइतकी समृद्धी आहे त्याच्यावर येते : पुण्या-मुंबईतल्या, आणि अमेरिका व युरोपात स्थायिक झालेल्या मराठी घरांवर, जिथे गोमांस, कोकराचे मांस आणि चीज यांचे प्रमाण रोजच्या सवयीने वाढते आहे, आठवड्याला एकदा सुकट-बोंबील शिजवणाऱ्या घरावर नव्हे.

आणि तरीही केवळ घराघरांतल्या निवडीवर हा प्रश्न सुटणारा नाही, कारण शेतकरी काय पेरतो हे बाजाराने आणि सरकारने दिलेल्या हमीवर ठरते. उसाला एफआरपी, म्हणजे कायद्याने बांधलेला किमान दर, आहे आणि घेणारा कारखाना ठरलेला आहे. तुरीला हमीभाव जाहीर होतो. परंतु २०१६-१७ मध्ये चांगला पाऊस होऊन तूर भरघोस आली, तेव्हा क्विंटलला ५,०५० रुपयांचा हमीभाव कागदावर असताना बाजारातले दर त्याखाली घसरले, खरेदी केंद्रांवर दिवसचे दिवस गाड्या उभ्या राहिल्या आणि बारदान नाही म्हणून मापे बंद पडली. त्या अनुभवानंतर कोरडवाहू शेतकऱ्याने तुरीऐवजी पाणी मिळेल तेथे ऊस लावला, तर दोष त्याचा नाही. शिधावाटप दुकानातून गहू आणि तांदूळ मिळतो. ज्या प्रांताचे मुख्य अन्न ज्वारी-बाजरी आणि तुरीचे वरण होते, तेथील रेशनच्या पिशवीत या दोन्ही गोष्टी नियमाने नसतात, आणि देशाला डाळ मात्र म्यानमार, मोझांबिक, कॅनडा अशा देशांतून विकत आणावी लागते.

म्हणून शाकाहारी आणि मांसाहारी यांनी एकमेकांच्या ताटाकडे बोट दाखवणे थांबवून एक मागणी एकत्र करावी : तूर, हरभरा, मूग, मटकी आणि ज्वारी यांची हमीभावाने पूर्ण खरेदी व्हावी आणि ती शिधावाटप दुकानांतून, शाळांतून आणि अंगणवाड्यांतून वर्षभर मिळावीत. ही मागणी आमदारापुढे, खासदारापुढे आणि ग्रामसभेत उसाच्या दराच्या मागणीइतक्याच जोराने मांडली गेली पाहिजे.